किनाऱ्याने एकट्याने गोवा उतरणाऱ्या दुचाकीस्वारांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, पावसाळा सरला की पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगावच्या गाड्या गोव्याकडे वळतात. वेंगुर्ला-शिरोड्याहून समुद्राच्या कडेकडेने गोव्याच्या दक्षिण सीमेवरच्या पोळ्यापर्यंत आणि पुढे कारवारला उतरायचे, तेही एकट्याने, असा बेत घेऊन तुमच्यातले बरेच जण येतात. आम्ही इथले गॅरेजवाले, पंक्चर काढणारे आणि याच रस्त्यांवर पोटापाण्यासाठी रोज गाडी हाकणारे. गाडीवरचे सामान पाहिले की तयारी कशी झाली आहे ते कळते: कॅमेरे दोन, हवा भरायचा पंप एकही नाही. म्हणून हे चार शब्द.

इंजिन बसले, गिअरबॉक्स गेला असली मोठी दुखणी या वाटेवर क्वचितच निघतात. एकट्याचे अडते ते दुसरा माणूस गाडी धरायला नसतो तिथे. फेरीबोटीचा शेवाळलेला धक्का, वाळूत रुतलेले मागचे चाक, आडवी झालेली गाडी, दुपारी बंद असलेले पंक्चरचे दुकान. दोघे असले तर यातली प्रत्येक गोष्ट पाच मिनिटांची. एकटा असेल तर अर्धा दिवस जातो. तेव्हा तयारी करताना प्रश्न एकच विचारायचा: इथे दुसरा हात लागला असता का, आणि लागला असता तर त्याच्या जागी माझ्याकडे काय आहे?

उत्तर सीमेवरची पत्रादेवी ते पोळे हे अंतर राष्ट्रीय महामार्ग ६६ ने जेमतेम १४० किलोमीटर आहे. ते बघून लोक गोवा एका दिवसात संपवायला निघतात. किनाऱ्याने येणाऱ्याने हिशेब नद्यांचा करावा. उत्तरेकडून तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग. नदीच्या मुखापाशी समुद्राकडेचा रस्ता एकतर पुलासाठी आत वळतो, नाहीतर थेट धक्क्यावर संपतो. दोन पूर्ण दिवस धरा, आणि दिवसाची आखणी कुठली नदी कधी ओलांडायची यावरून करा.

पहिलीच नदी परीक्षा घेते. तेरेखोल गाव नदीच्या उत्तरेला, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला असूनही गोव्याचे. रेडीहून किल्ल्यापर्यंत रस्ता येतो आणि खालून फेरीबोट केरीला नेते. पाणी फार खाली गेले की ही फेरी थांबू शकते. मग मागे फिरून आरोंदा-किरणपाणी पुलाने यावे लागते. हा वळसा टाळायचा तर कोकणातला जुना हिशेब करा: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते. अष्टमीला साधारण सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आखणीला पुरतो. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी पाचच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली असणार, आणि उधाणाचे दिवस असल्याने नेहमीपेक्षाही खाली. सूर्यास्त बघत फेरी घेऊ, असा बेत करणारे नेमके तेव्हाच तिथे पोचतात. त्या दिवसांत नदी सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान ओलांडा. नदी परिवहन खात्याने प्रत्येक धक्क्यावर रोजच्या ओहोटीची वेळ नुसती खडूने लिहून ठेवली तरी पुष्कळांचा फेरा वाचेल. तेही हे पत्र वाचत असतील तर ही आमची जाहीर विनंती.

आता धक्का. फेरीत चढताना तुम्ही उतारावरून खाली जाता आणि उतरताना चढ चढता. ओहोटीला उतार लांबतो आणि एरवी पाण्याखाली असणारा, शेवाळ धरलेला काँक्रीटचा पट्टा उघडा पडतो. तिथे पुढचा ब्रेक दाबला की पुढचे चाक सरकते आणि गाडी डोळ्यांदेखत आडवी होते. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, गाडी इंजिनच्या ओढीवर आणि मागच्या ब्रेकवर. उजवा पाय ब्रेकवर, डावा जमिनीलगत, पण जमिनीवर घासत नको. फेरीची लोखंडी फळी धक्क्यावर टेकली, माणसे उतरली आणि फेरीवाल्याने हात केला की मगच निघायचे. फळीची कड काटकोनात ओलांडा. तिरके गेलात तर ओल्या लोखंडावर चाक कडेकडेने घसरते. फेरीत इंजिन बंद, गिअर पहिला, गाडी साइड स्टँडवर आणि पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला रबरी पट्टा किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळून बांधलेला. हा रुपयाभराचा तुकडा म्हणजे तुमचा दुसरा हात.

उतरताना घाई आणखी महागात पडते. पुढची मोटार अर्ध्या चढावर थांबली तर तुम्हालाही थांबावे लागते. सामान लादलेली गाडी चढावर धरायची, ब्रेक सोडायचा, क्लच उचलायचा, आणि पाय शेवाळावर. गाड्या पडतात त्या बहुतेक इथेच. पुढचे वाहन पार वर, डांबरावर गेल्याशिवाय हलू नका. मागचे लोक हॉर्न वाजवतील. वाजवू देत.

गाडी पडलीच, तर ती उचलायचीही एक रीत आहे. बुलेटच्या वर्गातली ३५० सीसीची गाडी सुमारे १९५ किलोची असते. वर सामान. हाताने ओढून कुणालाही उचलता येत नाही, पाठ मात्र धरते. आधी किल स्विच आणि किल्ली बंद. टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळत असेल तर दुसरे काही करण्याआधी सामान उतरवा. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आत्ताच काढून ठेवा आणि गाडी गिअरमध्ये टाका. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून नितंब सीटच्या कडेला टेकवा, गुडघे वाकवा, एका हाताने खालची मूठ आणि दुसऱ्याने मागची पकडपट्टी धरा. मग पाठ ताठ ठेवून छोटी छोटी पावले मागे टाकत नुसत्या पायांच्या जोराने ढकलत चला. गाडी उभी राहिली की पलीकडे स्टँड वाट बघत असतो. डावीकडे पडली असेल तर हा आधार मिळत नाही. उभी होताच तिला अंगावर तोलून धरून मग पायाने स्टँड काढावा लागतो. हे घराच्या अंगणात, गादी अंथरून, एकदा करून बघितल्याशिवाय निघू नका.

यावरूनच सामानाचे ठरते. पंधरा किलोच्या वर नको. जड वस्तू खाली आणि पुढे, सीटच्या दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत सारखे वजन. मागच्या कॅरिअरवर हलके कपडेच. सगळे सामान दोन बकलांत सुटले पाहिजे, कारण पडलेली गाडी उचलायच्या आधी ते सोडावे लागते आणि तेव्हा दोऱ्यांच्या गाठी सोडायला वेळ नसतो. तळहाताएवढी लाकडी फळी हाताशी ठेवा. वाळू, ओली माती, उन्हाने मऊ झालेले डांबर, यांत साइड स्टँड हळूहळू रुततो आणि तुम्ही चहा पीत असताना गाडी आडवी होते.

रस्त्याबद्दल बोलायचे तर खड्ड्यांचा बाऊ सगळेच करतात, पण खड्डा दिसतो तरी. न दिसणाऱ्या तीन गोष्टी सांगतो. जांभ्याची लाल धूळ कोरडी असते तेव्हा बारीक खडीसारखी सरकते, आणि पहिल्या सरीत तिचा साबण होतो. पाऊस पडून वाहून गेल्यावर रस्ता उलट बरा असतो. पहिली पंधरा-वीस मिनिटे वाईट, तेवढी आडोशाला थांबा. दुसरी, मासळीच्या गाड्या. शापोरा, मालीम, कुटबण, बेतूलच्या जेटींवरून निघालेल्या टेम्पोंमधून बर्फाचे आणि मासळीचे पाणी गळत असते. ते खारट, तेलकट पाणी वळणावर आणि चढावर जास्त सांडते. नुसता वास आला तरी वेग उतरवा, आणि त्या टेम्पोच्या मागोमाग तर मुळीच जाऊ नका. ट्रॉलरची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, तेवढे दोन महिनेच हा त्रास कमी. तिसरी, वळणाच्या आतल्या कडेला वाऱ्याने आणून टाकलेली वाळू. किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर गाडी वळणात झोपवायची हौस आवरा. अंधार पडल्यावर यांत बसलेली गुरे येऊन मिळतात. काळी म्हैस आणि काळे डांबर वेगळे ओळखू येत नाहीत. एकट्याने रात्री चालवायचे कारणच नाही.

मिठाविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्याकडे कुणाचे लक्ष नसते. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ गाडीवर बसते आणि हवेतली ओल ओढून घेते. पाऊस नसला तरी धातू रात्रभर ओला राहतो. सकाळी ब्रेकच्या डिस्कवर तांबूस थर दिसेल. त्याने घाबरू नका, पण निघताना हळू चालीत दोन-तीनदा ब्रेक दाबून तो घासून टाका, मगच वेग धरा. खरे नुकसान होते ते चेनचे, स्पोकच्या निपलांचे, बॅटरीच्या टोकांचे आणि साइड स्टँडच्या स्विचचे. या स्विचमध्ये वाळू-मीठ गेले की स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतो. न्यूट्रलला चालू होते, गिअर टाकला की इंजिन बंद. लोक पेट्रोल आणि प्लग तपासत बसतात. गोड्या पाण्याने स्विच धुवा, डब्ल्यूडी-४० सारखा फवारा मारा, स्टँड दहा-बारा वेळा वर-खाली करा. बहुतेकदा तेवढ्यावर भागते.

रोज संध्याकाळी मुक्कामी बादलीभर गोड्या पाण्याने गाडी धुवायची. गेस्ट हाऊसवाले पाण्याला नाही म्हणत नाहीत, विचारून घ्या म्हणजे झाले. जोराचा पंप नको. त्याने पाणी बेअरिंगमध्ये आणि चेनच्या रबरी कड्यांच्या आत शिरते. धुतल्यावर दोन-तीन किलोमीटर फिरवून आणा म्हणजे सुकते आणि चेन कोमट होते. कोमट चेनलाच तेल द्यायचे, खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत. कुठल्याही गॅरेजात मिळणारे ९० नंबरचे गिअर ऑइल चालते, महागडा स्प्रे हवाच असे नाही. १५-२० मिनिटांनी जादाचे तेल फडक्याने पुसा, नाहीतर त्यालाच वाळू चिकटते. एरवी ५०० किलोमीटरला एकदा पुरणारे तेल इथे रोज द्यावे लागते. चेन साफ करायला घासलेट घ्या. पेट्रोल नको, ते रबरी कड्या खाते. चेनची ढील बहुतेक गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटर लागते. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत किंवा स्विंगआर्मवरच्या चिकटपट्टीवर असतो. चाक फिरवत चेन सगळ्यात ताठ कुठे होते ते शोधा आणि तिथे मोजा. सैल जागी मोजून आवळली की ताठ जागी ती बेअरिंगवर ओढ देते.

पंक्चरचे असे. ट्यूबलेस असेल तर एकट्यालाही जमते: पक्कड, टोचणी, पाच-सहा स्ट्रिप, सोल्यूशन आणि बॅटरीवर चालणारा किंवा पायाचा पंप. खिळा उपटायच्या आधी तो कुठल्या कोनात शिरलाय ते पाहून ठेवा, टोचणी त्याच कोनात घाला. स्ट्रिप सेंटिमीटरभर बाहेर ठेवून झटक्यात सुई ओढा, मग थुंकी किंवा साबणपाणी लावून बुडबुडे बघा. ट्यूब असलेल्या गाडीला, त्यातही सेंटर स्टँड नसेल तर, एकट्याने रस्त्यावर चाक उतरवण्याचा हट्ट धरू नका. पुढच्या-मागच्या दोन्ही मापांच्या ट्यूब जवळ ठेवा आणि कारागीर शोधा. इथे एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. दुपारी एक ते तीन-चार इथली दुकाने, गॅरेजे मिटलेली असतात. रविवारी आणि फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या दिवशी, विशेषतः मडगावच्या आसपासच्या साष्टी तालुक्यातल्या गावांत, दिवसभर कुणी भेटेलच असे नाही. म्हणून टायर, चेन, ब्रेक ही तपासणी शनिवारीच उरकून घ्या. अडलातच तर पिवळ्या मडगार्डच्या गाडीवरचा पायलट शोधा. प्रवासी वाहून नेणारे हे मोटारसायकलवाले स्टँडवर उभे असतात, आणि कुठला मेस्त्री घरी बोलावून काम करतो हे त्यांच्याइतके कुणाला माहीत नसते.

सुटे भाग थोडेच, पण नेमके: क्लच वायर, ॲक्सिलेटर वायर, चेनचा जोड (तुमच्याच चेनच्या नंबरचा), दोन-दोन फ्यूज, स्पार्क प्लग, इन्सुलेशन टेप, तारेचा वेटोळा. क्लच वायर पिशवीत ठेवण्यापेक्षा घरूनच जुन्या वायरच्या शेजारून ओवून, दोन्ही टोके टेपने झाकून ठेवा. तुटली की फक्त टोके अडकवायची. टाकी उतरवायची वेळ येत नाही.

आता मार्ग. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी हा पट्टा आरामात घ्या. चोपड्याहून पुलाने शिवोली. पुढचा हणजूण ते कांदोळी भाग आमच्या मते वगळला तरी चालतो. समुद्र घरांच्या आड आणि रस्ता मोटारींनी भरलेला. जायचेच तर सकाळी आठच्या आत पार व्हा. बेतीहून पणजीला फेरीने किंवा मांडवीच्या जुन्या पुलाने. मोबाइलचा नकाशा तुम्हाला उंचावरच्या अटल सेतूवर चढवू पाहील. २०१९ साली सुरू झालेल्या या पुलावर दुचाकीला बंदी आहे, आणि एकदा चढणीला लागलात की मागे फिरायला जागा नाही. पर्वरीहून उतरताना डावी-उजवी मोबाइलवर सोडू नका, फलक वाचा. जुवारीवर दुपारनंतर वारा समुद्राकडून, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या उजवीकडून येतो. उंच बांधलेले सामान शिडाचे काम करते.

कुठ्ठाळी ओलांडली की महामार्ग सोडा. वेळसांव, माजोर्डा, कोलवा, बाणावली, कावेलोसी. साळ नदी ओलांडायला कावेलोसीहून असोळण्याला फेरी असते, नाहीतर आत मडगाव-असोळणा रस्त्यावर जावे लागते. पेट्रोल मडगाव-कुंकळ्ळी भागातच काठोकाठ भरा आणि पुढचे काणकोणच्या चावडीला घेईन असे धरून चला.

बेतूल ते आगोंद हा सगळ्या वाटेतला सर्वांत देखणा तुकडा, आणि एकट्यासाठी सर्वांत निर्मनुष्यही. रस्ता अरुंद, वळणे आंधळी, वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, सावली नाही. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि डावी कड सोडू नका, कारण समोरची भाड्याची मोटार मध्यातूनच येते. दोन लिटर पाणी अंगावर, गाडीवर नव्हे. काब द रामचा किल्ला बघायचा तर सकाळी. महामार्गाने करमल घाटातून येण्यापेक्षा ही वाट हळू आहे, पण अवजड ट्रकांच्या मध्ये सापडण्यापेक्षा पुष्कळ बरी.

गाडी वाळूत नेऊ नका. गोव्याच्या कुठल्याही किनाऱ्यावर वाहन उतरवणे हा गुन्हा आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे तर कासवे अंडी घालतात. गाडी लावतानाच मागचे चाक रुतले तर ॲक्सिलेटर पिळू नका, ते आणखी खाली जाते. हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, गाडीवरून उतरून बाजूने चालत पहिल्या गिअरमध्ये हळू काढा. चाक निम्म्याच्या वर गेले असेल तर सामान काढून गाडी मुद्दाम आडवी करा, खड्डा वाळूने भरा, वर फळी किंवा झावळ्या टाका आणि वर सांगितलेल्या रीतीने उभी करा. डांबरावर आल्यावर हवा पुन्हा भरायची, म्हणून पंप.

अंगावर ठेवायच्या गोष्टी: फोन खिशात, हँडलवर नव्हे. गाडी दरीत आणि तुम्ही रस्त्यावर असाल तर फोन तुमच्याकडे हवा. शिवाय एका सिलिंडरच्या गाडीच्या थरथरीने हँडलवरच्या फोनचा कॅमेरा बिघडतो. रक्तगट आणि घरचा क्रमांक लिहिलेला कागद पाकिटात, इंग्रजी व देवनागरी दोन्हींत. अपघाताला १०८. मोठी इस्पितळे म्हणजे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि मडगावचे जिल्हा इस्पितळ. आगोंदहून दोन्ही लांब आहेत, हे वेग ठरवताना लक्षात असू द्या. रक्तात दारूची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे व्यवहारात शून्यच धरा.

रेल्वेने येऊन इथे गाडी भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याच्या दारात तुम्ही एकटेच उभे राहता.

आणि गाडी खरोखरच थकली, किंवा तुम्ही थकलात, तर मडगावच्या स्थानकावरून ती रेल्वेने घरी पाठवता येते. त्याच गाडीचे तिकीट असेल तर लगेज म्हणून, नसेल तर पार्सल म्हणून. आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी, आरसे आणि इंडिकेटर गोणपाटात बांधलेले. टाकीतले पेट्रोल फेकू नका, ज्या पायलटने स्थानकाची वाट दाखवली त्याला द्या. पुढे जाणार असाल तर पोळे ओलांडल्यावर सदाशिवगडानंतर काळी नदी येते. तिथला जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला आणि वाहतूक शेजारच्या नव्या पुलावर आली. तिथे दोन्ही बाजूंची वाहने दिसली तर गोंधळू नका, डावीकडून सावकाश पार व्हा.

आपले,
गोव्यातील काही गॅरेजवाले आणि रोजचे दुचाकीस्वार